बॉल पायथनचे खाणे, पचन आणि विष्ठा: नोंदवहीच्या आधारे देखरेख कशी ठेवावी

गेल्या हिवाळ्यात आमच्या नर बॉल पायथन या पाळीव सापाने ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत एकही उंदीर खाल्ला नाही. या साडेचार महिन्यांत त्याचे वजन १,६४० ग्रॅमवरून १,५६५ ग्रॅमवर आले, म्हणजे घट पाच टक्क्यांच्या आतच राहिली. त्याच थंडीत ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील तरुण कॉर्न स्नेकने जेमतेम तीन वेळा अन्न नाकारले आणि तेवढ्यात त्याचे वजन बारा टक्क्यांनी उतरले; तपासणीत त्याच्या आतड्यात परजीवी आढळले. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही घरांत एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे साप खात नाही. त्यांपैकी एक साप निरोगी होता आणि दुसऱ्याला उपचारांची गरज होती, हे दोन्ही घरांत तारखा आणि ग्रॅम लिहून ठेवलेले असल्यामुळेच वेळेत कळले.

कुत्रे किंवा मांजर आजारी पडले की त्याच्या वागण्यातून ते घरच्यांच्या लक्षात येते. साप मात्र निरोगी असतानाही दिवसच्या दिवस एका जागी वेटोळे करून पडून राहतो, त्यामुळे त्याच्या नुसत्या शांत बसण्यावरून काहीही ठरवता येत नाही. त्याने केव्हा, काय आणि किती खाल्ले, त्यातून किती दिवसांनी काय बाहेर पडले आणि मधल्या काळात वजन कोणत्या दिशेने सरकले, एवढ्याच गोष्टी भरवशाच्या असतात. म्हणून पुढील मार्गदर्शन नोंदवहीभोवती रचले आहे.

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि येथे बॉल पायथन व कॉर्न स्नेक हे दोन्ही साप घरोघरी पाळले जातात. महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. धामण, नाग किंवा आपल्याकडील अजगर असे देशी साप पकडून पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे आणि ती योग्यच आहे. बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील साप असून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. भारतात अशा परदेशी प्राण्याची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. कागदपत्रांशिवाय मिळणारा साप घेऊ नये.

नोंदवहीत काय लिहावे

साधी वही पुरते. प्रत्येक जेवणाची तारीख, भक्ष्याचा प्रकार आणि त्याचे ग्रॅममधील वजन, सापाने ते घेतले की नाकारले, घेतले असल्यास लगेच झडप घातली की तासभर हुंगत राहून मग गिळले, तसेच त्या दिवशीचे उबदार आणि थंड बाजूचे तापमान व हवेतील आर्द्रता, एवढे लिहावे. त्याखेरीज डोळे दुधाळ झाल्याचा दिवस, कात टाकल्याचा दिवस, कात अखंड निघाली की तुकड्यातुकड्यांत, आणि विष्ठा दिसल्याचा दिवस या नोंदी असाव्यात. नाकारलेल्या जेवणाची नोंद करण्याचा कंटाळा अनेकांना येतो, परंतु नेमकी तीच नोंद पुढे सर्वांत जास्त उपयोगी पडते.

वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा घ्यावा आणि तो स्वयंपाकघरातील काट्यापासून वेगळा ठेवावा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि मग साप डब्यात सोडावा. पिल्लांचे वजन दर आठवड्याला आणि प्रौढ सापाचे दर दोन ते चार आठवड्यांनी करावे, आणि ते नेहमी जेवणाच्या आधी, शक्यतो आधीचे जेवण पूर्ण पचलेले असताना करावे. येथे एक बारकावा आहे. जड शरीराचे, जमिनीवर राहणारे साप मल दीर्घकाळ शरीरातच साठवून ठेवतात. हार्वी लिलीव्हाइट या अमेरिकी संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की काही घोणसवर्गीय सापांमध्ये हा काळ अनेक महिन्यांचा असू शकतो, तर झाडांवर राहणारे सडपातळ साप काही दिवसांतच पोट मोकळे करतात. बॉल पायथन जड सापांपैकी आहे. त्याने पाच आठवड्यांनी पोट मोकळे केले की काट्यावर एका रात्रीत पन्नास-साठ ग्रॅम कमी दिसू शकतात आणि नोंदवहीत विष्ठेची तारीख नसेल, तर हीच घट आजाराची वाटून माणूस विनाकारण घाबरतो.

भक्ष्य किती मोठे आणि किती दिवसांनी

जुना आणि अजूनही उपयोगी नियम असा की भक्ष्याची जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाइतकी किंवा त्याहून किंचित कमी असावी आणि जेवणानंतर पोटावर हलकासा फुगवटाच दिसावा. ग्रॅमच्या भाषेत बोलायचे तर वाढत्या पिल्लाला त्याच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के आणि प्रौढाला पाच ते सात टक्के एवढे भक्ष्य पुरते. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दहा दिवस, खात नाही. त्यानंतर त्याला दर पाच ते सात दिवसांनी खाऊ घालावे. वर्षभराच्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी आणि दीड किलोच्या प्रौढ बॉल पायथनला दोन ते तीन आठवड्यांनी सुमारे ८० ते १०० ग्रॅमचा येथे ‘रॅट’ म्हणून विकला जाणारा एक मोठा उंदीर योग्य ठरतो. कॉर्न स्नेकचा वेग थोडा अधिक असतो.

पाळीव सापांमध्ये उपासमारीपेक्षा अतिभोजन कितीतरी अधिक आढळते, असे माझे मत आहे. साप खातो म्हणून खाऊ घालत राहणे ही माया नव्हे. निरोगी बॉल पायथनचे शरीर आडव्या छेदात गोलसर त्रिकोणी असते आणि पाठीचा कणा बोटाला हलकाच जाणवतो. साप वळला की कातडीच्या वळ्या पडत असतील, शेपटीच्या मुळाशी चरबीचे उंचवटे दिसत असतील किंवा आरामात पडलेला असतानाही खवल्यांमधील त्वचा दिसत असेल, तर त्याचे वजन वाढलेले आहे, आणि त्या चरबीचा भार पुढे यकृतावर पडतो. उलट कणा धारदार आणि दोन्ही बाजू खोलगट असतील तर तो कृश आहे.

जिवंत उंदीर देऊ नये. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला गंभीर जखमा करतो, आणि न खाणाऱ्या सापाजवळ रात्रभर सोडलेल्या उंदराने त्याची पाठ कण्यापर्यंत कुरतडल्याची प्रकरणे पशुवैद्यांना पाहावी लागतात. गोठवलेला उंदीर आदल्या रात्री फ्रिजमध्ये काढून ठेवावा, दुसऱ्या दिवशी बंद पिशवीत घालून कोमट आणि नंतर गरम पाण्यात धरावा व पोट दाबून आत कडक गोळा राहिला नाही ना हे पाहावे. त्वचेचे तापमान ३७ ते ३८ अंश सेल्सिअस झाले की तो द्यावा. बॉल पायथनच्या ओठांवरील खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे उंदराचे डोके अंगापेक्षा थोडे अधिक उबदार असेल तर झडप अचूक बसते. मायक्रोवेव्हमध्ये उंदीर ठिकठिकाणी शिजतो आणि पोट फुटते, म्हणून तो मार्ग वर्ज्य समजावा. लांब चिमट्याने उंदीर संध्याकाळनंतर, दिवे मंद करून, सापाच्या लपण्याच्या खोक्यासमोर धरावा. न घेतल्यास तो तेथेच ठेवून खोलीतून निघून जावे. सकाळपर्यंत तसाच राहिला तर टाकून द्यावा, पुन्हा गोठवू नये. खाऊ घालण्यासाठी सापाला वेगळ्या डब्यात हलवण्याची पद्धत मी सोडून दिली आहे, कारण भरल्या पोटी उचलून परत आणताना त्याला होणारा त्रास थेट पचनावर येतो.

अनेक मराठी नातेवाईक फोनवर हमखास विचारतात की दूध देतोस का. साप दूध पचवू शकत नाही. नागपंचमीच्या सुमारास टोपलीतला साप दूध पितो तेव्हा तो अनेक दिवसांचा तहानलेला असतो, आणि ते दूध त्याच्या पोटात आणि फुप्फुसात अपायच करते. सापाला नेहमी लागते ते एवढेच: अंग बुडेल एवढ्या जड भांड्यात रोज बदललेले स्वच्छ पाणी.

गिळल्यानंतर आत काय घडते

ब्रह्मदेशी अजगरावर स्टीफन सीकॉर आणि जॅरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासाने ही प्रक्रिया नीट समजली. उपाशी अजगराचे जठर जवळजवळ आम्लविरहित असते आणि आतडे आक्रसलेले असते. मोठे भक्ष्य गिळल्यावर एक-दोन दिवसांत जठरात तीव्र आम्ल तयार होते, लहान आतड्याचे वस्तुमान जवळपास दुप्पट होते आणि चयापचयाचा वेग चाळीस पटींच्या आसपास चढू शकतो. काही दिवसांनी सारे पुन्हा पूर्वपदावर येते. बॉल पायथन त्याच कुळातील असल्याने पालकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, ही सगळी यंत्रणा उभी करायला सापाला बाहेरची ऊब लागते, कारण स्वतःची उष्णता तो निर्माण करत नाही. दुसरी, ती उभी राहत असताना त्याला अजिबात त्रास देऊ नये. जेवणानंतर किमान ४८ तास, आणि भक्ष्य मोठे असेल तर फुगवटा ओसरेपर्यंत, त्याला हातात घेऊ नये.

बॉल पायथनच्या काचपेटीत उबदार जागेचे तापमान ३१ ते ३३ अंश आणि थंड बाजूचे २५ ते २७ अंश असावे. कॉर्न स्नेकसाठी उबदार जागा २९ ते ३१ अंश पुरते. उष्णता देणाऱ्या प्रत्येक उपकरणाला थर्मोस्टॅट असावा, आणि त्यावर दिसणाऱ्या आकड्यावर विसंबून न राहता साप जेथे प्रत्यक्ष पोट टेकतो तेथेच वेगळ्या तापमापकाने मोजावे. तापमान कमी पडले तर गिळलेला उंदीर पचण्याऐवजी आत सडू लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. आमच्याकडे पहिल्या वर्षी जानेवारीत हेच झाले होते. तापमापक भिंतीला चिकटवलेला होता आणि २९ अंश दाखवत होता, परंतु खालची पाटी २४ अंशांवर होती. चूक माझी होती आणि त्रास सापाला भोगावा लागला.

विष्ठा वाचणे

कॉर्न स्नेकची विष्ठा जेवणानंतर साधारण तीन ते सात दिवसांत दिसते. प्रौढ बॉल पायथनच्या बाबतीत दोन ते सहा आठवड्यांचे अंतर असू शकते, आणि अनेकदा तो दोन-तीन जेवणांचा मल एकदमच, बहुधा कात टाकण्याच्या सुमारास, बाहेर टाकतो. त्यामुळे अमुक दिवसांत झालीच पाहिजे असा बाहेरचा नियम लावण्यापेक्षा नोंदवहीतून आपल्या सापाचे स्वतःचे अंतर काढावे. आमच्या सापाचे सरासरी अंतर २६ दिवस आहे. ते बरेच लांबले की मी लक्ष देऊ लागतो.

निरोगी विष्ठेचे दोन भाग सहज ओळखू येतात. एक गडद तपकिरी, आकार धरलेला, ज्यात उंदराचे केस दिसणे स्वाभाविक आहे, आणि दुसरा पांढरा, खडूसारखा, जो युरिक आम्लाचा, म्हणजे मूत्राचा घन भाग असतो. सोबत थोडे स्वच्छ पाणी असते. पांढरा भाग पिवळसर आणि दगडासारखा कडक होत असेल तर साप पुरेसे पाणी घेत नाही किंवा हवा फार कोरडी आहे. बॉल पायथनसाठी आर्द्रता ५५ ते ६५ टक्के ठेवावी. हा भाग हिरवट दिसला, तर दीर्घ उपवास किंवा यकृताचा बिघाड यांपैकी काहीतरी असू शकते, म्हणून तपासणी करावी. रक्त, बुळबुळीत आव, हलणारे कृमी, एकापाठोपाठ दोन वेळा पातळ आणि कुजकट वासाची विष्ठा किंवा मांसाचे न पचलेले तुकडे, यांतील काहीही दिसले तर थांबू नये. प्रत्येक वेळी मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, कारण आठवणीतला रंग भरवशाचा नसतो.

साफसफाई करताना हातमोजे घालावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. सरपटणारे प्राणी वरून पूर्ण निरोगी असतानाही त्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू बाहेर पडू शकतात. म्हणून सापाची भांडी स्वयंपाकघरातील बेसिनमध्ये धुऊ नयेत, गोठवलेले उंदीर घट्ट झाकणाच्या स्वतंत्र डब्यात ठेवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना साप हाताळू देऊ नये.

उपवास कधी स्वाभाविक आणि कधी नाही

बॉल पायथन हा न खाण्यासाठी प्रसिद्ध आहे आणि याच एका कारणाने नवे पालक सर्वाधिक खचतात. डोळे निळसर-दुधाळ झाल्यापासून कात टाकेपर्यंतचे दहा-बारा दिवस तो बहुधा खात नाही. थंडीच्या महिन्यांत, विशेषतः प्रौढ नर, प्रजननकाळात अनेक महिने अन्न नाकारतात. मादी अंडी वाढत असताना व अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली असताना खात नाही. नव्या घरात आलेल्या सापाला तर पहिला आठवडा हातही लावू नये आणि अन्नही देऊ नये. उपवास सुरू झाला की दर दोन-तीन दिवसांनी उंदीर नाचवून त्याला हैराण करू नये. दहा ते चौदा दिवसांचे अंतर ठेवून एकदाच द्यावा, आणि दरम्यान तापमान, आर्द्रता व लपण्याची जागा तपासावी. उघड्या, मोठ्या काचपेटीत लपायला एकच खोके असेल तर अनेक बॉल पायथन केवळ भीतीपोटी खात नाहीत, आणि दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसणारी खोकी ठेवल्यावर आठवड्याभरात खाऊ लागतात.

निर्णय वजनावर घ्यावा. उपवासापूर्वीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट झाली, तर प्रौढ सापालाही पशुवैद्याकडे न्यावे. पिल्लांच्या बाबतीत एवढी सवलत नसते. त्यांच्याकडे साठा कमी असल्याने सलग चार-पाच जेवणे नाकारली किंवा वजन उतरू लागले की सल्ला घ्यावा. उपवासासोबत तोंड उघडे ठेवून श्वास घेणे, नाकाशी फेस, हिरड्यांवर लाल ठिपके किंवा पिवळसर चिकट थर, किंवा खवल्यांमध्ये फिरणाऱ्या बारीक काळ्या गोचिडी दिसल्या, तर वजन स्थिर असले तरी वाट पाहू नये. बळजबरीने भरवणे हे काम अनुभवी पशुवैद्याचे आहे. घरी तसे करताना श्वासनलिकेला आणि अन्ननलिकेला इजा होते.

गिळलेले बाहेर टाकल्यास

जेवणानंतर दोन ते चार दिवसांत अर्धवट पचलेला, चिकट आणि उग्र दुर्गंधीचा उंदीर काचपेटीत आढळला, तर त्याला साधी ओकारी समजून दुसरा उंदीर देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक ठरते. त्या आम्लाने अन्ननलिका भाजलेली असते, शरीरातील पाणी व क्षार गेलेले असतात, आणि लगेच दिलेले दुसरे जेवणही परत बाहेर येते. असे दोन-तीनदा झाले की लहान साप दगावू शकतो. काचपेटी स्वच्छ करावी, ताजे पाणी ठेवावे आणि पूर्ण चौदा दिवस काहीही खायला देऊ नये. या काळात कारण शोधावे. ते बहुतेक वेळा कमी तापमान, आकाराने मोठे भक्ष्य, आतून गोठलेला उंदीर किंवा जेवणानंतर लगेच हाताळणे यांपैकीच असते आणि नोंदवहीत सापडते. पंधराव्या दिवशी नेहमीच्या निम्म्या आकाराचे भक्ष्य द्यावे, ते पचून विष्ठा झाली की पुन्हा तसेच द्यावे, आणि अशी तीन जेवणे नीट पार पडल्यावरच मूळ आकारावर यावे.

दुसऱ्यांदा तसेच घडले तर घरगुती उपाय थांबवावेत. बाहेर टाकलेला उंदीर दुहेरी पिशवीत बांधून पशुवैद्याकडे न्यावा. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी जठराची भिंत जाड करतो. जेवणानंतर वारंवार अन्न बाहेर येणे, शरीराच्या मध्यभागी न ओसरणारा टणक फुगवटा आणि खात असूनही घटणारे वजन ही त्याची लक्षणे आहेत. नेहमीची जंतुनाशके त्यावर चालत नाहीत, म्हणून संशय येताच त्या सापाचे चिमटे, भांडी आणि हातमोजे इतर सापांपासून पूर्णपणे वेगळे करावेत आणि त्याची देखभाल दिवसाच्या शेवटी करावी.

पोट मोकळे होत नसेल तर

नेहमीच्या अंतराच्या दीडपटीहून अधिक काळ गेला, शेपटीच्या अलीकडे कडक गाठ जाणवत असेल, किंवा साप शेपूट उचलून जोर करत असेल पण काही बाहेर पडत नसेल, तर पुढचे जेवण थांबवावे. २८ ते ३० अंशांच्या कोमट पाण्यात, पाणी त्याच्या अंगाच्या निम्म्या उंचीपर्यंतच ठेवून, वीस मिनिटे त्याला फिरू द्यावे, आणि तेवढा वेळ त्याच्याजवळून हलू नये. एक दिवसाआड असे तीनदा केल्याने साधी बद्धकोष्ठता बहुधा सुटते. पोट दाबून गाठ पुढे सरकवू नये आणि घरात उपलब्ध आहे म्हणून एरंडेल तर मुळीच देऊ नये. प्रौढ मादीच्या शरीराच्या उत्तरार्धातील फुगवटा अंड्यांचाही असू शकतो, हे विसरू नये. मलमूत्रद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर आलेला दिसला, तर तो सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजने झाकून त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

तपासणीसाठी नेताना

विष्ठेचा नमुना ताजा, चोवीस तासांच्या आतला असावा. स्वच्छ झाकणाच्या डबीत घालून फ्रिजमध्ये, अन्नापासून दूर ठेवावा, परंतु गोठवू नये, कारण गोठवल्यावर काही परजीवी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य जवळपास कोण आहे, हे साप निरोगी असतानाच शोधून ठेवावे. ठरलेल्या भेटीपूर्वी पाच-सहा दिवस सापाला खाऊ घालू नये. प्रवासात त्याला शिवण पक्की असलेल्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधावे, तो अभ्रा झडपा असलेल्या डब्यात ठेवावा आणि थंडी असेल तर डब्याबाहेरून, मध्ये टॉवेल घालून, गरम पाण्याची पिशवी लावावी. डब्यासोबत नोंदवही द्यावी, आणि तिच्या पहिल्या पानावर शेवटच्या तीन जेवणांच्या, शेवटच्या विष्ठेच्या व शेवटच्या कातीच्या तारखा ठळक अक्षरांत लिहून ठेवाव्यात, कारण पशुवैद्य सर्वांत आधी त्याच विचारतात.